खुणा

सप्टेंबरात मी अठरा पेन्सिली आणल्या,
सगळ्यांना टोकं काढून ठेवली.
जुलै उजाडला तरी टोकं तशीच,
सुयांसारखी.

शाळा बंद झाली तेव्हा आमच्या खाडीत
मुलं उरली होती चार.
बसचे जाऊन-येऊन तीन तास, बर्फ पडला की तेही नाही.
म्हटलं, घरीच शिकवू.
घरी म्हणजे या टेबलावर,
एका टोकाला भूमिती, दुसऱ्या टोकाला कॉडची आतडी.

गॅरेट पंधराचा. दुपारी बारापर्यंत पांघरूण.
त्याचा बाप अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर,
वीस दिवस तिकडे, आठ दिवस इकडे.
फोनवर विचारतो, "काय करतोय पोरगा?"
मी म्हणते, "वाढतोय."

काय आवडतं, विचारलं. काही नाही.
काय व्हायचंय? उत्तरादाखल खांदे.
गिटार आणली, तिच्यावर मोजे वाळतात.
देवमाशांचा कोर्स, कोडिंगचा कोर्स,
पाव भाजायचा कोर्स, तो शेवटी मीच पुरा केला.
रात्री उशिरापर्यंत याद्या करायचे.
त्याच्या नावाखाली मी माझीच भीती
सुवाच्य अक्षरात लिहीत होते,
हे कळायला अख्खा हिवाळा गेला.

मग विचारणं सोडलं.
सोडलं म्हणजे दाताखाली धरलं.

शेजारचा एल्ड्रेड पाइक, एक्क्याऐंशीचा,
दोन्ही डोळ्यांत धुकं.
"शनिवारी पाठव त्याला. वीस डॉलर देईन.
डोळे त्याचे, अक्कल माझी."
गॅरेट गेला. वीस डॉलरसाठीच गेला,
मी कशाला खोटं बोलू?

परत आला तो बूट न काढताच बोलायला लागला:
"त्याच्याकडे जीपीएस नाही, आई.
म्हणतो, पांढरा मनोरा आण
काळ्या सुळक्याच्या डाव्या खांद्यावर,
आणि बेटामागून स्किनरचं गोदाम दिसू दे दारापुरतं.
दोन रेषा जिथे कापतात, तिथे गळ सोड.
खाली डोंगर आहे. पाण्याखाली!
त्याला नाव आहे, म्हातारीची उशी."

इतकी वाक्यं सलग
मी नाताळापासून ऐकली नव्हती.

"मग? मिळाले मासे?"
"कसे मिळतील? मनोराच नाहीये ना."

खरंच की. चर्च पाडलं त्याला तीन वर्षं झाली.
त्यातल्या फळ्यांचं खुराडं केलंय आम्ही.
आणि हा म्हातारा आठवणीतल्या मनोऱ्यावर नेम धरून
तीन उन्हाळे रिकामा परतत होता,
कुणाला न सांगता.

रात्री गॅरेटनं फोटोंची पेटी उतरवली.
माझं लग्न जमिनीवर पसरलं,
नवरा-नवरीकडे ढुंकूनही न बघता
मागचा मनोरा निरखत बसला.
"पायऱ्या किती होत्या? कुंपणाचा हा खांब
तोच का, आता कुत्रा बांधतात तो?"

माझ्या जिभेवर आलंच होतं:
म्हणजे तुला नकाशे आवडतात! मोजणी! त्रिकोणमिती!
सेंट जॉन्सला कॉलेज आहे त्याचं!
मी बटाटे सोलायला घेतले.
दोन माणसांसाठी अकरा सोलले.

सोमवारी तो पुन्हा बारापर्यंत झोपला.
मुद्दाम सांगते,
अशा गोष्टी सांगताना लोक सोमवार गाळतात.

मंगळवारी, जेवणं झाल्यावर, टेबलापाशी आला.
हातात एल्ड्रेडच्या बापाची वही,
पानांना खवले चिकटलेले, अभ्रकासारखे.
"पेन्सिल आहे का गं कुठे?
पेन नको. खोडावं लागेल."

अठरा. फडताळात, वरच्या कप्प्यात, टोकं वर.
मी आधी दोऱ्यांचा डबा उघडला,
मग चमच्यांचा खण,
मग त्याच्या बापाच्या कोटाचे खिसे चाचपले.
"थांब हं," म्हटलं,
"असेल एखादी."